अण्णांचा डावा कान

"आता डोळं झाका आन् मला सांगा, कोण खोकलं?"

अनुजा मॅडमनी डोळे मिटले. डोक्यावरचा हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरत त्या ऐकत राहिल्या. जयसिंगपूरच्या एका शाळेत त्या गाणं शिकवत. चांगला हेडफोन घ्यायचा म्हणून सुट्टीचा दिवस काढून एसटीनं कोल्हापूरला आल्या होत्या आणि तासाभरापासून राजारामपुरीतल्या 'इंगवले साऊंड'च्या माडीवर बसल्या होत्या.

"खोकलं की कुणीतरी. अगदी माझ्या मानेपाशीच."

"बरं. आता ह्यो घाला."

सोमशेखर अण्णांनी दुसरा हेडफोन पुढं केला. ह्याच्या दोन्ही वाट्यांना मागून बंद झाकण नव्हतं, नुसती जाळी होती. अण्णांनी तेच भजन पुन्हा पहिल्यापासून लावलं. खोकल्याची जागा आली तशा मॅडम हसल्या आणि डोळे न उघडताच मान मागं वळवली.

"अय्या! हा तर पार लांब बसलाय. खांबाजवळ कुठंतरी."

"खांबच हाय तितं," अण्णा म्हणाले. "आमच्या नेसरीच्या मठात मीच रेकॉर्डिंग केलंय, दोन माईक लावून. खोकलंय ते आमचं ज्ञानूतात्या."

इंग्रजीत ह्याला साऊंडस्टेज म्हणतात. गाणारा कुठं बसलाय, पखवाज किती लांब आहे, त्या दोघांच्या मध्ये मोकळी जागा किती आहे, हे कानांनी दिसणं. अण्णांनी त्याला आपला शब्द ठेवला होता, मैदान. गिऱ्हाइकाला समजावताना ते म्हणत, "बंद हेडफोन म्हणजे तालीम. आत शड्डू मारला की आवाज भिंतीवर आपटून परत अंगावर येतो. उघडा हेडफोन म्हणजे खासबागेचं कुस्तीचं मैदान. आवाज निघतो आन् जातो, चारी बाजूला. आता तालीम वाईट न्हाय बरं का. एसटीत बसायचंय, घरात पोरं दंगा करत्यात, तर बंदच पायजे. ढोलाचा जोर पण त्यातच. खरं, कोण कुठं बसलंय ते बघायचं असंल, तर उघडाच घ्या."

एवढं बोलून गिऱ्हाइकाला काय हवं ते त्याचं त्याला ठरवू देत. त्यामुळंच सांगलीपासून निपाणीपर्यंतची माणसं त्या माडीवर यायची. खाली गल्ल्यावर पृथ्वीराज इंगवले बसायचा, मालक. पण लोक विचारत यायचे ते, "अण्णा हायत काय?"

मॅडमना विचार करायला वेळ हवा होता. रविवारी दुकानात बैठक आहे, नवीन हेडफोन ऐकायला मिळणार आहे, तेव्हा येते, असं सांगून त्या गेल्या. अण्णांनी अॅम्प्लिफायरचं डाव्या-उजव्याचं बटण मधल्या खुणेवरून पुन्हा डावीकडं दोन घरं सरकवलं. स्वतःसाठी ते नेहमी तिथंच ठेवायचे. गिऱ्हाईक आलं की मध्यावर आणायचे. का, ते माडीवर येणाऱ्या कुणालाही माहीत नव्हतं.

पृथ्वीराज सोडून.

सोमशेखर तोडकरांची सत्तावीस वर्षं शिरोलीच्या एका फौंड्रीत गेली. ओतून आलेल्या लोखंडाच्या कडा यंत्रावर घासायच्या, हे काम. दिवसभर कानठळ्या बसवणारी किंकाळी चालू. कानात कापसाचे बोळे घालून माणसं उभी राहायची. रविवारी मात्र अण्णा पृथ्वीराजच्या वडिलांकडं जायचे. थोरल्या इंगवल्यांचा लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता, त्यांचे जळालेले अॅम्प्लिफायर अण्णा दुरुस्त करायचे. तिथंच पृथ्वीराज त्यांना चिकटला. "डोळं झाक, सांग बघू पेटी कुठल्या बाजूला हाय," हा खेळ त्यांनी त्याला सातव्या-आठव्या वर्षी शिकवला. अण्णांना मूलबाळ नव्हतं. पृथ्वीराज मोठा झाला, वडील गेले, त्यानं मांडवाचे कर्णे विकून हे दुकान काढलं. पुढं फौंड्री बंद पडली तेव्हा तो आपण होऊन अण्णांच्या घरी आला होता. "अण्णा, मला तुमचं कान पायजेत," म्हणाला होता. अण्णांच्या बायकोच्या, दानेश्वरीवहिनींच्या, पाया पडून अण्णांना घेऊन गेला.

दोन वर्षांमागं एकदा नेसरीचं तेच भजन ऐकताना अण्णांच्या लक्षात आलं, की टाळ सरकलाय. टाळ वाजवणारा डाव्या अंगाला बसला होता, तो मध्याकडं आल्यासारखा वाटत होता. फार नाही, बोटभर. त्यांना वाटलं वायर सुटली. त्यांनी डाव्या बाजूचा जोड उकलून पुन्हा सोल्डर केला. टाळ तिथंच. मग त्यांनी हेडफोन उलटा घातला, डावी वाटी उजव्या कानावर. टाळ लख्ख वाजला, घासलेल्या पितळेसारखा. हेडफोन चांगला होता.

त्या दिवशी अण्णांनी सांगितल्यावर पृथ्वीराज त्यांना स्वतःच्या गाडीतून कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरनी कागदावर एक रेघ काढून दाखवली. उजव्या कानाची रेघ थोडी उतरत होती, वयाप्रमाणं. डाव्याची एका जागी विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. बारीक आणि उंच आवाज त्या कानाला जवळपास नव्हतेच. कारखान्यात होतं असं, डॉक्टर म्हणाले, परत येत नाही.

परतताना गाडीत अण्णांनी तो कागद दोनदा उघडला आणि मिटला. मग म्हणाले, "माझं आता काय काम तुझ्याकडं?"

"असं कसं म्हणतासा अण्णा? एका कानानं तुम्ही जेवढं ऐकतासा तेवढं लोकांना चार कानांनी येत न्हाय." पृथ्वीराजनं गाडी बाजूला घेतली होती. "ही गोष्ट ह्या गाडीतनं भाईर जाणार न्हाय. वहिनींना सुद्धा नको सांगायला, उगंच जिवाला लावून घेतील."

अण्णांनी तो कागद त्याच्याकडंच ठेवायला दिला होता.

तेव्हापासून ते प्रत्येक हेडफोन दोनदा ऐकायचे, एकदा सरळ, एकदा उलटा. जी बाजू डाव्या कानाला कळायची नाही ती उजव्यापुढं आणून बघायची आणि मग डोक्यात दोन्ही जोडायचं. दुप्पट वेळ लागायचा. पण निकाल चुकला, असं एकदाही झालं नव्हतं.

आता ह्या महिन्यात पृथ्वीराजला एका मोठ्या कंपनीची एजन्सी मिळाली होती. कंपनीचा नवा हेडफोन बंद पाठीचाच होता, पण जाहिरात अशी, की आत आवाज असा काही खेळवलाय की उघड्याएवढं मैदान मिळतं. रविवारच्या बैठकीला बेंगळुरूहून कंपनीचा माणूस येणार होता. पृथ्वीराजनं तो हेडफोन अण्णांच्या हातात दिला आणि म्हणाला, "तुम्ही एवढंच म्हणा, बंद असून मैदान. बास. पुढचं मी बघतो."

अण्णांनी तीन दिवस ऐकला. बुधवारी खाली येऊन त्यांनी तो गल्ल्यावर ठेवला.

"झ्याक हाय. गळा असा लागतोय, गाणारा समोर बसल्यागत. बांधणी चांगली, डोक्याला भार न्हाय. हे सगळं मी सांगतो. खरं, मैदान न्हाय ते. डाव्या-उजव्याला रुंद केलंय, पण ज्ञानूतात्या मानेपाशीच खोकत्यात. भित हाय पाठीमागं."

"अण्णा, लोकांना एवढं कळत न्हाय."

"म्हणून तर मला इचारत्यात."

पृथ्वीराज हसला. "बघू," म्हणाला. दुसऱ्या दिवशी, बेस्तरवारी, तो अण्णांच्या घरी दुपारी जेवायलाही आला. दानेश्वरीनं कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. त्यानं मागून घेऊन खाल्ली. अण्णांना वाटलं, समजलं पोराला.

रविवारी अकराला माडी भरली. वीसेक माणसं असतील. कागलचे विजयसिंह होते, साखर कारखान्यात केमिस्ट, जुने गिऱ्हाईक. अनुजा मॅडम पुढंच बसल्या होत्या. दुकानाच्या नावानं मोबाईलवर सगळं थेट दाखवायचं म्हणून पृथ्वीराजनं तिवईवर फोन लावला होता. कंपनीचा माणूस प्रभुलिंग तिशीतला, नीटनेटका होता. त्यानं पडद्यावर चित्रं दाखवली, वाट्यांच्या आत काय काय बसवलंय ते सांगितलं. मग हेडफोन एकेकाच्या डोक्यावर फिरला. लोक माना डोलवत होते. वाईट म्हणावा असा तो नव्हताच.

अनुजा मॅडमनी ऐकून झाल्यावर सरळ मागं वळून विचारलं, "अण्णा, तुम्ही सांगा. त्या दिवशीच्या उघड्याएवढं आहे का हे?"

सगळे वळले. पृथ्वीराजनं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी आधी चांगलं ते सगळं सांगितलं, गळ्याचं, बांधणीचं. मग म्हणाले, "मैदान मात्र न्हाय, मॅडम. भित हाय."

विजयसिंह हसून म्हणाले, "झालं! अण्णांनी निकाल दिला."

"अण्णांचं एवढं मनावर घेऊ नका," पृथ्वीराज म्हणाला. त्याचा आवाज मोकळा होता, चेष्टेतला. "मी कधी बोललो न्हाय, खरं आता विषय निघालाय म्हणून सांगतो. अण्णांचा डावा कान गेलाय. दोन वर्षं झाली. फौंड्रीत. बारीक आवाज त्या बाजूनं येतच न्हाय त्यांना. रिपोर्ट हाय माझ्याकडं." त्यानं खिशातला दुसरा मोबाईल काढून फोटो पुढं केला. ती विहिरीत पडलेली रेघ पहिल्या रांगेतल्या माणसांनी वाकून बघितली. "आता एका कानानं मैदान कसं दिसणार? त्यांची काय चूक न्हाय."

कुणीतरी मागं हसलं आणि लगेच थांबलं.

"व्हय काय अण्णा?" विजयसिंहांनी विचारलं.

हेडफोन अण्णांच्या हातात होता. त्याच्या गाद्यांवर घाम लागला होता, तो ते रुमालानं पुसत होते. दोनदा ऐकण्याची पद्धत सांगता आली असती. उलटा घालून दाखवता आला असता. पण फोटो पुढं करणारा तो हात त्यांनी पाहिला होता, आणि त्यानंतर काही शाबीत करावं असं त्यांना वाटेना.

"व्हय," ते म्हणाले. "कान गेलाय. भित हाय ती हाय."

बैठक पुढं चालू झाली. चहा आला. "अण्णा, चहा घेणार काऽऽ?" कपाचा ट्रे धरलेला माणूस त्यांच्या तोंडाजवळ येऊन ओरडला. तो दर महिन्याच्या बैठकीला यायचा, आजवर कधी असा ओरडला नव्हता. अनुजा मॅडमनी जाताना नवा बंद हेडफोन घेतला. पिशवी हातात घेऊन जिन्यापाशी त्या घुटमळल्या, अण्णांकडं बघून नुसतं हसल्या आणि उतरून गेल्या.

सगळे गेल्यावर प्रभुलिंग अण्णांजवळ आला. अण्णांचं सोमशेखर हे नाव ऐकून त्याला अंदाज आला असावा, तो कन्नडमध्ये बोलला. अण्णांच्या घरात आई ज्या भाषेत बोलायची त्या भाषेत, अगदी आदरानं, तो म्हणाला, "अण्णा, वाईट वाटून घेऊ नका. आम्हांला काही अडचण नाही. इंगवल्यांनी आधीच फोन करून सांगितलं होतं, एक म्हातारे आहेत, त्यांना ऐकू कमी येतं, काही बोलले तर सांभाळून घ्या म्हणून."

अण्णांनी मान हलवली. चप्पल घातली आणि चालत घरी निघाले. केएमटीची बस समोरून गेली, तिला त्यांनी हात केला नाही.

घरी दानेश्वरी सोप्यात शेंगा फोडत बसली होती. त्यांना बघूनही तिचा हात थांबला नाही.

"तानाबाईनं दाखिवलं मोबाईलवर," ती म्हणाली. तानाबाई शेजारची. "सगळं बगितलं."

अण्णा भिंतीला टेकून बसले. आता ही पृथ्वीराजला शिव्या घालणार, असं त्यांना वाटलं. त्याची ते वाटच बघत होते म्हणायला हरकत नाही.

"किती दिस झालं?"

"दोन वर्सं."

"त्येला म्हाईत हुतं."

"व्हय."

"आन् मला न्हाय."

शेंगेचं टरफल तिच्या बोटात मोडलं. अण्णा म्हणाले, "तुला काळजी नको म्हणून..."

"काळजी?" तिनं सूप बाजूला सारलं. "दोन वर्सं मी त्या ओट्यापाशनं बोलतोय. तुमी पेपर घिऊन हितं, डावा कान माझ्याकडं करून बसतासा, मान वर करत न्हाईसा. एकदा बोललं, दोनदा बोललं. मला वाटलं, कटाळलं ह्येनी माझ्या बोलण्याला. म्हातारपणी तसं हुतं म्हणत्यात, म्हणून मग मीच गप बसाय लागलो. माझी आक्का गेली तवा मी रातभर तुमच्या डाव्या अंगाला रडलो, तुमी उजव्या कुशीला वळून झोपलासा. एवढं मी मनात धरलं तुमच्यावर. अवो, मी गप झालो, हे तरी ध्यानात आलं काय तुमच्या?"

टाळ बोटभर सरकला, तेव्हा त्यांना कळलं होतं. हे त्यांना कळलं नव्हतं.

ती उठून आत गेली. त्या दिवशी अण्णा पहिल्यांदाच उजवा कान ओट्याकडं करून, ती काही बोलते का ते ऐकत बसले.

सोमवारी दुकान बंद असे. मंगळवारी सकाळी अण्णा गेले ते आपली हत्यारं आणायला. पृथ्वीराज गल्ल्यावरून उठून पुढं आला.

"अण्णा, किती फोन लावलं मी. रागावलासा व्हय?" अण्णा जिन्याकडं वळले तसा तो घाईनं बोलत सुटला. "धंदा हाय अण्णा. कंपनीचा माणूस समोर, वीस माणसं, फोन चालू, आन् तुम्ही म्हणतासा भित हाय. माझ्या तोंडातनं गेलं."

"तोंडातनं गेलं न्हाय. तू त्येला आधी फोन केलतास."

पृथ्वीराज मागं सरून गल्ल्याला टेकला.

"कवा केलास?"

"अण्णा..."

"कवा?"

"बुधवारी. तुम्ही वर गेल्यावर."

"बेस्तरवारी तू माझ्या घरात बसून जेवलास," अण्णा म्हणाले.

रस्त्यावर कुणीतरी रिक्षा सुरू करत होतं, ती दोनदा फुरफुरून बंद पडली. पृथ्वीराजनं तोंड वर केलं तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता, पण डोळ्यांत दुसरंच काही आलं होतं.

"चुकलं माझं. चुकलं न्हाय असं म्हणतच न्हाय मी. खरं, तुम्ही पण दोन वर्षं लपिवलंच की. रोज गिऱ्हाईक तुमच्या कानावर इश्वास टाकून आलं, तुम्ही एकाला तरी सांगितलंसा? ते काय हुतं?"

आपला निकाल चुकला नाही, हे खरं होतं, पण त्यानं विचारलं होतं ते वेगळं होतं.

"ते माझं मी बघतो," ते म्हणाले. "माझा रिपोर्ट दे."

पृथ्वीराजनं ड्रॉवर उघडला. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, नीट जपून ठेवला होता. त्यानं तो दोन्ही हातांनी दिला, लहानपणी पेढे द्यायचा तसा. मग वाकून पाया पडायला गेला. अण्णा मागं सरले, त्यामुळं त्याचा हात फरशीला लागला.

माडीवर जाऊन त्यांनी सोल्डरिंगची कांडी, चिमटा आणि चष्मा पिशवीत घातला. खाली उतरताना त्यांनी इकडं तिकडं पाहिलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी तो कागद दानेश्वरीपुढं ठेवला. तिनं चष्मा लावून उलटसुलट करून बघितला. रेघ कुठली कुणाची, तिनं विचारलं. त्यांनी बोटानं दाखवली. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. "हे दोन वर्साचं जुनं झालं," ती म्हणाली. "उद्या सरकारी दवाखान्यात जाऊया. मी पण येतो."

दवाखान्यात कान तपासायची एक लहानशी खोली असते, चारी बाजूंनी गादीसारखं काहीतरी मारलेलं, एक जाड काच. मुलीनं अण्णांना आत बसवलं. लाल आणि निळ्या वाटीचा जड, बंद हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला आणि एक बटण त्यांच्या हातात दिलं. "आवाज आला की दाबायचं, आजोबा. कितीपण बारीक असू दे." दार लागलं. बाहेरचं सगळं गेलं. स्वतःचा श्वास तेवढा राहिला.

काचेपलीकडं ती मुलगी यंत्रापुढं बसली. तिच्या मागं, बाकड्याच्या टोकावर दानेश्वरी, पिशवी मांडीवर घेऊन.

उजवा कान आधी झाला. शिट्ट्या येत गेल्या, अण्णांचा अंगठा चालत राहिला. मग डावा. आधी जाड, घुमणारे आवाज आले. तेही त्यांनी दाबले. मग काही आलं नाही.

मुलीचं मनगट मात्र काचेतून हलताना दिसत होतं. ती यंत्राची कळ दाबत होती, थांबत होती, पुन्हा दाबत होती. मागच्या वेळी, पृथ्वीराजनं नेलेल्या त्या डॉक्टरकडं, अण्णांनी असंच हाताकडं बघून अंदाजानं चार-पाच वेळा बटण दाबलं होतं. विहीर त्या कागदावर दिसते त्याहून खोल होती. हे त्यांनी पृथ्वीराजलासुद्धा सांगितलं नव्हतं.

मनगट हललं. दानेश्वरी काचेला नाक लागेल इतकी पुढं वाकून त्यांच्या हाताकडं बघत होती.

अण्णांनी बटणावरचा अंगठा उचलला आणि तळवा उघडून, तिला दिसेल असा, गुडघ्यावर ठेवला.